‘सोडून दे’ न म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत कौतुक झालं की तुम्ही लगेच विषय बदलता, हे ठाऊक आहे. पण आभार मात्र जाहीरच मानायचे आहेत.

ऑफिसला जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा, त्या काळात सल्ल्यांना काही तोटा नव्हता. ‘सोडून दे’, ‘नोकरी आहे हेच नशीब समज’, ‘सगळीकडे असंच असतं’ आणि ‘सकारात्मक राहा’. या शेवटच्या सल्ल्याचा तर मला आजही राग येतो. तुम्ही यातलं काहीच बोलला नाहीत. सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “नेमकं काय खुपतंय?” मी म्हणाले, “सगळंच.” त्यावर तुम्ही म्हणालात, “सगळंच कधी नसतं. लिहून काढ.”

मग ती वही सुरू झाली. रोज निघण्याआधी दोन ओळी लिहायच्या: आज कशाने वैताग आला आणि कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या अभ्यासकांनी मांडलेल्या सहा गोष्टीही तुम्ही पहिल्या पानावर लिहून दिल्या होत्या. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला आणि शाबासकी, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक, मूल्यं. माणसाचं आणि कामाचं यातल्या कुठे बिनसलंय, ते शोधायचं.

माझं दुखणं बोजाचंच, याबद्दल मला शंका नव्हती. वही मात्र वेगळंच बोलत होती. महिनाअखेरीला, मान वर करायला फुरसत नसते त्या दिवसांपुढे चक्क ‘बरा गेला’ असं लिहिलेलं. आणि वाईट दिवसांपुढे? ‘शुक्रवारी संध्याकाळी निरोप, सोमवारी सकाळी अहवाल हवा.’ ‘मला न विचारता तारीख कळवून टाकली.’ पुन्हा तेच, पुन्हा तेच. काम भरपूर आणि ते कसं, कधी करायचं यात आपला शब्द नाही, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पोखरते, असं रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकांनी 1979 मध्येच मांडलं होतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. आपल्याला होतंय त्याला इतका जुना अभ्यास आहे, याचाच मला केवढा आधार वाटला!

साहेबांशी बोलायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझी जी उजळणी घेतलीत, ती तर मी विसरणंच शक्य नाही. “तुम्ही नेहमी...” ही सुरुवात तुम्ही खोडायला लावलीत. त्याऐवजी वहीतले तारखांसकट प्रसंग आणि शेवटी एकच मागणी: मुदत कळवण्याआधी मला विचारा. बढतीचा विषय काढायचा नाही, असंही बजावलंत. (तो विषय अजून तिथेच आहे, ताई. त्यावरचा माझा राग तुम्ही घालवू शकला नाहीत!) मागणी मात्र मान्य झाली आणि बहुतेक वेळा पाळलीही जाते.

आणखी एक. मी सरसकट ‘बर्नआउट’, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाणं, म्हणत सुटले होते, तेव्हा तुम्ही थांबवलंत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती फक्त कामापुरती, आजार म्हणून नव्हे, हे समजावलंत आणि थेट विचारलंत, “सुट्टीच्या दिवशी मन रमतं का? झोप लागते का?” रमत नसेल, झोप उडाली असेल, तर वही बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा, मी सोबत येते, असं म्हणालात. तशी वेळ आली नाही. पण ‘सोबत येते’ असं तोवर मला कुणीच म्हटलं नव्हतं.

नोकरी तीच आहे. काही दिवस अजूनही वाईट जातात, पण ते का वाईट गेले हे आता मला सांगता येतं. आणि उद्या नोकरी सोडलीच, तर कुठल्या कारणाने सोडतेय तेही सांगता येईल. त्याआधी तुम्हाला फोन करेनच.

मनापासून आभार.

तुमची,
पलीकडच्या टेबलावरची