पांढरा रंग दिल्याने हेलिकॉप्टर सज्ज होत नाही

संपादक महोदय,

संरक्षण मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये हवाई दलाच्या ‘एमआय-१७ व्ही-५’ या मालवाहू हेलिकॉप्टरांवर इलेक्ट्रॉनिक युद्धसंच बसवण्यासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी सुमारे २,३८५ कोटी रुपयांचा करार केला. शत्रूच्या रडारची चाहूल देणारी, क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा देणारी आणि त्याला चकवण्यासाठी फ्लेअर (जळते गोळे) व चॅफ (धातूचा मुलामा दिलेले बारीक तंतू) सोडणारी अशी उपकरणे या संचात असतात. हा खर्च आवश्यकच आहे आणि काम देशी कंपनीकडे गेले, याचे समाधानही आहे. तरीही एवढ्याने ही हेलिकॉप्टरे संयुक्त राष्ट्रांच्या परदेशातील मोहिमांसाठी सज्ज झाली असे मानणे घाईचे ठरेल. हवाई दलात माझ्या नोकरीची बरीच वर्षे हेलिकॉप्टरांच्या इंजिनांवर काम करण्यात गेली, म्हणून हे पत्र.

परदेशी मोहिमा आपल्याला नव्या नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये बंडखोरांनी कैलाहून येथे संयुक्त राष्ट्रांच्या दोनशेहून अधिक शांतिसैनिकांना अडीच महिने वेढून ठेवले होते. जुलै २००० मध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ने तो वेढा फोडला, तेव्हा भर पावसाळ्यात आपली मालवाहू एमआय-८ आणि लढाऊ एमआय-३५ हेलिकॉप्टरे ब्रिटिशांच्या ‘चिनूक’ या दोन अवजड मालवाहू हेलिकॉप्टरांसोबत उडत होती. त्याच भागातील पेंडेंबूहून सैनिकांना उचलून आणण्याचे काम त्या जुन्या एमआय-८ हेलिकॉप्टरांनीच केले. पुढे २००३ पासून काँगोमध्ये आपली एमआय-१७ आणि लढाऊ हेलिकॉप्टरे संयुक्त राष्ट्रांसाठी काम करत राहिली. २०१०-११ च्या सुमारास ती परत आली, कारण घरच्याच गरजा वाढल्या होत्या. गडचिरोलीच्या दुर्गम मतदान केंद्रांवर निवडणूक पथके पोहोचवणारी हेलिकॉप्टरेही याच कुळातली आहेत, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

या जातीची हेलिकॉप्टरे आपण अलीकडे कशाने गमावली, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ व्ही-५ पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक त्यात गेला. संपर्कातील गफलत आणि मित्र की शत्रू हे सांगणारी ‘आयएफएफ’ यंत्रणा बंद असणे, ही कारणे पुढे आली. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपीन रावत यांना नेणारे याच जातीचे हेलिकॉप्टर कोसळले. अचानक हवामान बदलून ते ढगात शिरले, वैमानिकांची दिशा-स्थितीची जाणीव हरपली आणि पूर्णपणे चालू अवस्थेतील हेलिकॉप्टर डोंगरावर आदळले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. २००८-०९ मध्ये काँगोच्या उत्तर किवू प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या ब्रिगेडचे नेतृत्व याच रावतांनी केले होते, हा योगायोग मनाला चटका लावतो. या दोन्ही घटनांचे मूळ शत्रूविरोधी साधनांनी मिटण्यासारखे नव्हते, कारण पहिल्यात मारणारा आपला होता आणि दुसऱ्यात मारणारे कोणी नव्हतेच.

बाहेरचा अनुभव याहून वेगळा नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दक्षिण सुदानच्या जोंगलेई प्रांतात संयुक्त राष्ट्रांचे रशियन एमआय-८ तिथल्या सरकारी सैन्यानेच पाडले आणि चारही कर्मचारी मारले गेले. ज्या सरकारच्या संमतीने ही मोहीम चालू होती, त्याच्याच सैनिकांना वर उडणारे यान कोणाचे हे कळले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरांचा पांढरा रंग आणि त्यावर काळ्या ठळक अक्षरांत ‘यूएन’ ही खूण दुर्बिणीतून पाहणाऱ्यासाठी आहे. रात्री, ढगात किंवा घाबरलेल्या तोफचीला तिचा उपयोग नाही.

म्हणून परदेशी पाठवायच्या प्रत्येक हेलिकॉप्टरवर जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा, इतर देशांच्या यंत्रणांशी जुळणारी ओळख-यंत्रणा आणि सुरक्षित रेडिओ ही किमान अट असावी. सध्या किती हेलिकॉप्टरांवर ही साधने आहेत, हे संरक्षण खात्याने गोपनीयता सांभाळून संसदेच्या स्थायी समितीपुढे तरी ठेवावे.

आता माझ्या विषयाकडे वळतो. आफ्रिकेतील धावपट्टीवर पंख्याने उडणारी लाल धूळ बारीक असते आणि ती इंजिनात गेली की हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांची धार हळूहळू घासली जाते. एमआय-१७ च्या इंजिनांपुढे जे धूळरोधक बसवलेले असतात, ते हवेला एकदम वळण देऊन जड कण बाहेर फेकतात. पण ते चालवण्यासाठी इंजिनातलीच हवा वापरली जाते, म्हणजे धूळ टाळायची तर थोडी शक्ती गमवावी लागते. काँगोतील गोमा शहर सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, तिथे दुपारच्या उन्हात हवा पातळ होते आणि कागदावरचे चार टन वजन प्रत्यक्षात उचलता येत नाही. त्यात चिलखती पत्रे, युद्धसंच आणि त्याच्या तारा आल्या की तेवढे जवान किंवा जखमी कमी नेता येतात. कार्यालयात ‘आधुनिकीकरण’ या शब्दात हा हिशेब दिसत नाही. तो मोहिमेच्या ठिकाणी, उड्डाणाआधी वजन मांडणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतो.

ब्रिटनची एक चूक आपल्याला उपयोगी पडेल. त्यांनी १९९५ मध्ये सुमारे २५.९ कोटी पौंडांची आठ चिनूक मार्क-३ मागवली आणि २००१ मध्ये ती मिळालीही. पण सॉफ्टवेअर सुरक्षित आहे हे पटवून देता येईल एवढी माहिती ब्रिटिशांकडे नव्हती, त्यामुळे ती फक्त ढग-धुके नसलेल्या निरभ्र हवामानात चालवण्याची परवानगी मिळाली. अफगाणिस्तानात हेलिकॉप्टरांची ओढाताण चालू असताना ती वर्षानुवर्षे हँगरमध्ये उभी राहिली. आपल्या एमआय-१७ ची मूळ यंत्रणा रशियन आहे आणि नवा संच भारतीय, त्यामुळे जोडणीचे आणि तपासणीचे सर्व कागद, प्रोग्रामसह, आपल्या हाती राहतील, याची खात्री करारात असलीच पाहिजे.

पैशाचा प्रश्न वेगळाच आहे. संयुक्त राष्ट्रे लष्करी हेलिकॉप्टरांसाठी ‘लेटर ऑफ असिस्ट’ या करारानुसार मोबदला देतात, पण तो वेळेवर येतोच असे नाही. मार्च २०१९ मध्ये त्यांच्याकडे भारताची ३.८ कोटी डॉलरची थकबाकी होती आणि ती सर्व देशांत सर्वाधिक होती. वाढीव साधनांचा खर्च हेलिकॉप्टर देताना करारातच मागून घ्यावा.

एमआय-१७ ची जागा घेण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्स १३ टन वजनाच्या बहुउद्देशीय हेलिकॉप्टरचा आराखडा करत आहे. धूळरोधक, ओळख-यंत्रणा आणि जमिनीचा इशारा यांच्यासाठी जागा, वजन आणि वीज त्या आराखड्यात आत्ताच राखून ठेवावी, कारण नंतर पत्रा कापून जागा काढणे किती महागात पडते हे वर्कशॉपमध्ये काम केलेला कोणीही सांगेल.

आपला,
एक निवृत्त वायुसैनिक,
देवळाली कॅम्प, नाशिक