बाबांनी आता जिना चढायचा नाही

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

निघायच्या घाईत नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितेय. बाबा, संगणक वरच राहील आणि तुम्ही मात्र वर जायचं नाही, हे मी तुम्हाला न विचारता ठरवून टाकलं. रागवा माझ्यावर, पण जिना नको. परत तसं काही झालं आणि मी जवळ नसले, तर?

संगणकच खाली आणू, असं तुम्ही म्हणालात. आणता आला असता. पण ते जड कॅबिनेट आणि स्कॅनर खाली आले की तुम्ही खुर्चीत तासन्‌तास बसणार, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच टाळायला सांगितलंय. लॅपटॉप कसा, पाठीला उशी लावून पलंगावर घेता येतो, थकलात की मिटून ठेवता येतो. वरचा संगणक आता घरच्या वायफायवरून या लॅपटॉपवरच उघडता येतो, त्यामुळे तुमचे हिशेब, फायली सगळं जागच्या जागी आहे. आई, तुझ्या फोटोंच्या फोल्डरला मी हातसुद्धा लावलेला नाही.

लॅपटॉपवर 'वरची खोली' नावाचं चिन्ह केलंय, ते दोनदा दाबायचं. मग पासवर्ड मागेल. चार आकडी पिन इथे चालणार नाही, ती त्या संगणकासमोर बसूनच चालते. डायरीत लिहिलेला पूर्ण पासवर्ड टाका. आणि कटकट नको म्हणून तो काढून टाकू नका हं बाबा. पासवर्ड रिकामा असेल तर विंडोज दुरून आत घेतच नाही.

काम झालं की वरच्या पट्टीवरची फुली दाबा. शट डाउन अजिबात करायचं नाही, नाहीतर चालू करायला आईला वर जावं लागेल. संगणक झोपू नये म्हणून स्लीप मी 'कधीच नाही'वर ठेवलंय. नुसता पडदा काळा होतो, ते बरोबरच आहे. तुम्ही खालून जोडलेले असताना वरच्या पडद्यावर कुलूप दिसेल, तेही बरोबर. फक्त त्या वेळी आईनं वर लॉगिन केलं तर तुमची जोडणी तुटेल. काही पुसलं जात नाही, तिचं झालं की पुन्हा जोडा, उघड्या फायली तशाच सापडतील.

जोडलं गेलं नाही तर आधी संदेश वाचा. पासवर्ड चुकला म्हणत असेल तर नेटवर्क ठीक आहे, राउटरला हात लावू नका. संगणक सापडत नाही म्हणत असेल तर लॅपटॉप कोणत्या वायफायवर आहे ते बघा. पाहुण्यांसाठीच्या, नावात 'गेस्ट' असलेल्या वायफायवरून इंटरनेट छान चालतं, पण घरातली दुसरी यंत्रं दिसत नाहीत. लॅपटॉप चुकून त्यावर जातो आणि आपण उगाच संगणकाला दोष देतो.

वायफाय बरोबर असेल तर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ping (पिंग, म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक) लिहून एक जागा सोडा आणि १९२.१६८.१.५० हा पत्ता टाका. हा पत्ता मी राउटरमध्ये वरच्या संगणकासाठी राखून ठेवलाय. नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलू शकतो आणि चिन्ह जुन्याच पत्त्यावर शोधत बसतं. विंडोजचं फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी, एरवी पिंगला उत्तर देत नाही, पण मी परवानगी दिलीय, त्यामुळे उत्तर यायलाच हवं. आलं तर रस्ता ठीक आहे, मला फोन करा. नाही आलं, तर आई, तू एकदाच, कठडा धरून सावकाश वर जा. संगणकाच्या मागे निळी केबल शिरते तिथे बारीक दिवा लुकलुकतो. तो विझलेला असेल तर केबल काढून 'टक्' आवाज येईपर्यंत परत आत ढकल.

जिन्यातला तो जुना एक्स्टेंडर (वायफाय लांबवर पोचवणारी डबी) मी काढून टाकलाय. तो स्वतःचं वेगळंच नेटवर्क करायचा, १९२.१६८.०नं सुरू होणारं, म्हणूनच गेल्या खेपेला तासभर काही जोडेना. तो परत लावू नका. वीज जाऊन आली तर राउटरला दोन-तीन मिनिटं द्या. त्याच्या मागच्या बारीक भोकात पिन मात्र कुणालाही घालू देऊ नका, राखलेला पत्ता पुसला जाईल.

ही सोय घरापुरतीच आहे. बाहेरून येता यावं म्हणून ३३८९ हे पोर्ट (आत यायचं दार) राउटरमध्ये उघडून द्या, असं कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. पासवर्ड घालून बघणारे प्रोग्राम अशी उघडी पोर्ट रात्रंदिवस शोधत असतात. आणि बँकेतून बोलतोय, कंपनीतून बोलतोय म्हणून कोणी फोनवर एखादं अ‍ॅप टाकायला किंवा कोड सांगायला सांगितलं, तर फोन ठेवून द्यायचा. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

आई, मला ताप आला की 'उठू नकोस' म्हणत तू वह्या पलंगावर आणून द्यायचीस. बाबांसाठी मी तेवढंच केलंय गं. वीस मिनिटं झाली की लॅपटॉप त्यांच्या हातातून काढून घे, औषधाची वेळ त्यांना आठवत नाही.

रविवारी सकाळी फोन करते. तेव्हा बाबांनी पलंगावरूनच जोडून दाखवायचं.

तुमची,
छोटी