‘इथून पुढे हमी नाही’ असं लिहून देणाऱ्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या इंटरनेट लाइनचं पलीकडचं टोक तुम्ही सांभाळता. तुमचं नाव आणि तुमची संस्था या पत्रात येणार नाही, तशी तुमचीच इच्छा होती. तरीही पत्र जाहीर लिहितो आहोत. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात आणखीही महाविद्यालयांच्या संगणक विभागांना हेच दुखणं असणार. तुम्ही ते ज्या पद्धतीनं बरं केलंत, ती पद्धत त्यांच्यापर्यंत पोचायला हवी.

दुखणं वरून साधं दिसतं. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठाशी जोडून वर्ग भरतो आणि नेमकं त्याच वेळी भौतिकशास्त्र विभागात खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं उतरवून घेणं चालू असतं. चित्र गोठतं. शिक्षकांचा शब्द अर्ध्यात तुटतो. मागच्या बाकांवरची मुलं वह्या मिटतात. तुमच्याआधी ज्यांच्या ज्यांच्याकडे ही तक्रार गेली त्या सगळ्यांचं उत्तर एकाच साच्यातलं होतं: लिंक अप आहे, पिंग येतोय, वापर ४० टक्केच आहे, तक्रार बंद. वर सल्ला, की बँडविड्थ, म्हणजे लाइनचा वेग, वाढवून घ्या.

या उत्तरातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. जाळ्यावरून माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जाते, आणि पिंग म्हणजे पलीकडं पोचून परत येतो का हे पाहायला सोडलेला तसाच एक तुकडा. हजारात पाच पॅकेट गळत असतील, तर दहाच्या दहा पिंग सुखरूप परत येण्याची शक्यता ९५ टक्के असते. म्हणजे दहा पिंग टाकून ‘ओके’ लिहिणाऱ्याला गळती बहुतेक वेळा दिसणारच नाही. त्याच गळतीत सेकंदाला ५० पॅकेट पाठवणारा आवाजाचा प्रवाह सरासरी दर चार सेकंदांना एक पॅकेट गमावतो. शिवाय गळती अशी एकेक करून होत नाही, घोळक्यानं होते. चित्राचं तर त्याहून वाईट. ज्या फ्रेमवर पुढच्या फ्रेम उभ्या असतात तिचं एखादं पॅकेट गेलं, की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत फळा गोठलेलाच राहतो.

आणि ते ४० टक्के? ती पाच मिनिटांची सरासरी. तुम्ही पहिल्याच बोलण्यात विचारलंत, ‘पोर्ट केवढं आणि मंजूर वेग केवढा?’ पोर्ट १ गिगाबिटचं, मंजूर वेग १०० मेगाबिट, आणि मधल्या राउटरवर पोलिसर बसवलेला. सगळं उत्तर तिथंच होतं. पोलिसर रांग लावत नाही. ठरलेल्या वेगापेक्षा जास्त आलेलं तो जागच्या जागी टाकून देतो. त्याला २५० किलोबाइटची उसंत दिलेली असेल आणि पलीकडून गिगाबिटच्या वेगानं लोंढा आला, तर ती उसंत २.२ मिलिसेकंदांत संपते. त्यानंतर दुर्बिणीची फाइल कोणती आणि शिक्षकांचा आवाज कोणता, हे तो पाहत नाही. फाइलचं गळलेलं पॅकेट टीसीपी, म्हणजे फाइली पोचवण्याची नियमावली, पुन्हा मागवून घेतं. आवाजाचं पॅकेट पुन्हा मागवून उपयोग नसतो, तोवर वाक्य पुढं गेलेलं असतं. पाच मिनिटांच्या आलेखात यातलं काहीच उमटत नाही.

बँडविड्थ वाढवूनही हे मिटलं नसतं. टीसीपीचा स्वभावच असा, की गळती होईपर्यंत वेग वाढवत न्यायचा. पोर्ट आणि मंजूर वेग यांत तफावत असेल आणि तिथं पोलिसर असेल, तर १०० चे २०० करून लोंढ्याचा आकार तेवढा बदलतो.

दुसरं उत्तर मिळालं होतं, ते म्हणजे ‘फाइली रात्री उतरवा’. १ टेराबाइटला १०० मेगाबिटवर २२ तासांहून जास्त लागतात. दहा तासांच्या रात्रीत फार तर ४५० गिगाबाइट येतात, तेही दुसरं कुणी काही वापरत नसेल तर. संशोधक विद्यार्थ्याला हे सांगणं म्हणजे त्याचं काम थांबवणंच.

तुम्ही दोघांचंही काम अडू दिलं नाहीत. येणाऱ्या प्रवाहावर कॅम्पसच्या राउटरचा हात चालत नाही. रांग लावायची ती पाठवणाऱ्या टोकाला. ते टोक तुमच्या ताब्यात होतं आणि तुम्ही ते आपलं काम मानलंत. कॅम्पसकडे तोंड असलेल्या पोर्टवरचा पोलिसर काढून तिथं शेपर, म्हणजे जास्तीचं टाकून न देता रांगेत थांबवणारी सोय, लावला आणि त्याच्या पोटात चार रांगा केल्या. प्रत्येक पॅकेटवर त्याचा दर्जा सांगणारी एक अंकाची खूण असते, तिला डीएससीपी म्हणतात; ईएफ, एएफ, सीएस ही त्या अंकांची नावं. आवाज ईएफ खुणेचा, म्हणजे डीएससीपी ४६, सगळ्यांच्या आधी, पण ५ मेगाबिटच्या मर्यादेत. चित्र एएफ ४१, म्हणजे डीएससीपी ३४, त्याला ३० मेगाबिट राखीव. दुर्बिणीच्या फाइलींना सीएस१, म्हणजे डीएससीपी ८, किमान ५ मेगाबिट, आणि लाइन मोकळी असेल तेव्हा हवं तेवढं. उरलेलं सगळं नेहमीच्या रांगेत. फाइली पाठवणारा सर्व्हर स्वतः खूण लावत नव्हता, म्हणून उतरवून घेणाऱ्या यंत्राचा पत्ता पाहून ती तुमच्याच राउटरनं लावली.

जाणाऱ्या बाजूला तशाच रांगा कॅम्पसच्या राउटरवर, फक्त शेपर ९५ वर. पाच मेगाबिट हातचे का ठेवायचे, हे आजवर कुणी समजावून सांगितलं नव्हतं. इथरनेटची, म्हणजे केबलवरच्या जोडणीची, प्रत्येक फ्रेम (पॅकेटभोवतीचं वेष्टण) आयपी पॅकेटवर ३८ बाइट चढवते, आणि सगळीच उपकरणं वेग मोजताना ते धरत नाहीत. २०० बाइटच्या आवाजाच्या पॅकेटवर हा बोजा १९ टक्के पडतो. बरोबर १०० लावले, की पलीकडच्या हिशेबात ते १०० च्या वर जातात आणि गळती पुन्हा सुरू होते.

ईएफला ५ मेगाबिटच का, यावर आमच्याकडूनच कुरकुर झाली होती. जी.७११ या आवाजाच्या ठरीव रूपातला एक आवाज आयपी पातळीवर, म्हणजे इथरनेटचा बोजा न धरता, ८० किलोबिट घेतो. ५ मेगाबिटमध्ये असे ६० आवाज बसतात. त्यापुढं दार उघडं ठेवलं, तर प्रत्येक विभाग आपापली खूण ४६ करून घेईल, आणि सगळेच पहिले झाले की पहिला कुणीच उरत नाही.

हे सगळं कौशल्याचं झालं, आणि कौशल्य मोबदला देऊन मिळतं. आभार खरे मानायचे आहेत ते त्या एका कागदाचे.

काम झाल्यावर तुम्ही साध्या फुलस्केपवर हातानं एक तक्ता केलात आणि त्याचा फोटो पाठवलात. वर्गातल्या यंत्रापासून पलीकडच्या विद्यापीठाच्या दारापर्यंत, वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला एक ओळ. आत येताना खूण कोणती, बाहेर पडताना कोणती, रांग कोणती, आणि शेवटचा रकाना: ‘स्वतः पाहिलं का, कधी’. टीओएस, म्हणजे खूण बसते तो बाइट, १८४ घालून पिंग सोडायचा (४६ ला ४ नं गुणायचं, कारण डीएससीपीचे सहा बिट त्या बाइटमध्ये वरच्या बाजूला बसतात आणि खालचे दोन ईसीएनचे, म्हणजे गर्दीची सूचना देणारे, असतात) आणि दोन्ही टोकांना टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून काय पोचलं ते पाहायचं, अशी एकेक ओळ भरलेली. तिसऱ्या ओळीत दोष सापडला. जिन्याखालच्या स्विचवर क्यूओएस, म्हणजे खुणांप्रमाणे रांगा लावण्याची सोय, चालू करून ठेवलेलं, पण पोर्टला ‘ट्रस्ट’, म्हणजे आलेली खूण तशीच मानण्याची मुभा, दिलेला नाही. काही जुन्या स्विचवर असं केलं, की आलेली प्रत्येक खूण शून्य होते. ज्यांनी तो बसवला त्यांनी ‘क्यूओएस एनेबल्ड’ म्हणून बिल लावलं होतं. त्या एका ओळीमुळं पुढची सगळी व्यवस्था वाया जात होती.

पण मन भरून आलं ते शेवटच्या दोन ओळींनी. एकीत लिहिलंय: ‘पलीकडच्या कॅम्पसच्या आत: पाहिलेलं नाही. इथून पुढे हमी नाही.’ दुसरीत: ‘पर्यायी मार्ग: खुणा पुसल्या जातात. हमी नाही.’

आजवर हातात आलेल्या प्रत्येक कागदावर हमीच हमी होती. ९९.५ टक्के अपटाइम, असं ठळक अक्षरांत. त्या आकड्यात महिन्याला ३.६ तास लाइन बंद राहिली तरी करार मोडत नाही, आणि लाइन चालू असताना पॅकेट गळाली तर ती मोजलीच जात नाहीत. वर्गाला लागते ती हमी वेगळी: गळती किती, एका बाजूचा उशीर किती, त्यातला चढउतार किती. आवाजासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, जी.११४ शिफारस सांगते. प्रकाश फायबरमधून एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे कोल्हापूर ते मुंबई हे अंतर दोषी नसतंच, दोषी असतात ते वाटेतले तुंबारे.

पर्यायी मार्गाची ती ओळ कोल्हापुरात किती मोलाची आहे, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. महामार्गाच्या कडेला खोदकाम निघालं, की फायबर तुटण्याची धास्ती. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. शिरोळ, करवीरच्या मुलांना कॉलेजपर्यंत येता येत नाही तेव्हा जाळ्यावरचा वर्ग हाच वर्ग असतो, आणि वाहतूक पर्यायी मार्गावर जायची शक्यता नेमकी त्याच दिवसांत जास्त. तेव्हा रांगा चालणार नाहीत हे आधीच ठाऊक असलं, तर चित्र बंद ठेवून नुसत्या आवाजावर वर्ग घेता येतो, फाइली हातानं थांबवता येतात. कागदावर खोटी हमी असती, तर त्या दिवशी कुणीतरी वर्गाच्या मधोमध केबल हलवत बसलं असतं.

हमी हा शब्द जपून वापरणारी माणसं या क्षेत्रात कमी का, याला इतिहास आहे. प्रत्येक प्रवाहासाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरवर जागा राखून ठेवण्याची कल्पना १९९४ मध्ये इंटसर्व्ह म्हणून मांडली गेली, १९९७ मध्ये त्यासाठी आरएसव्हीपी आला. मोठ्या जाळ्यांना ते पेलेना, म्हणून १९९८ मध्ये डिफसर्व्ह आला, खुणांचा आणि पॅकेटांच्या वर्गवारीचा. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या इंटरनेट२ नं क्यूबोन प्रकल्पातून आंतरविद्यापीठीय ‘प्रीमियम’ सेवा उभी करायचा प्रयत्न केला आणि २००२ मध्ये तो थांबवला. वाटेतल्या प्रत्येक जाळ्यानं एकाच वेळी उपकरणं बदलायची, पोलिसिंग करायचं, हिशेब ठेवायचा, आणि एकानं जरी नाही केलं तर कुणालाच लाभ नाही, अशी ती अडचण होती. तिथं टिकली ती उलटी कल्पना: ज्याला घाई नाही त्यानं आपणहून मागं उभं राहायचं. खूण न कळणारं जाळं ते पॅकेट साध्या पॅकेटासारखं पुढं नेतं, बिघडत काही नाही. दुर्बिणीच्या फाइलींना तुम्ही लावलेली ८ ची खूण त्याच परंपरेतली. काही उपकरणं ८ ला ० पेक्षा वरचा समजतात, म्हणून २०१९ च्या आरएफसी ८६२२ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) नं त्यासाठी १ ही खूण ठरवली, हेही तुम्ही समासात लिहून ठेवलंत.

म्हणजे ज्या प्रश्नापुढं एवढी मोठी जाळी थांबली, तिथं तुम्ही आपल्या हातात आहे तेवढ्या टप्प्याची हमी दिलीत, ती मोजून दाखवलीत, आणि उरलेल्याला हमी म्हणायला नकार दिलात. कालव्याचं पाळीपत्रक खरं की नुसतं कागदावरचं, हे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, रानात पाणी पोचतं का यावरून ठरतं. तुम्ही टेलपर्यंत चालत गेलात आणि पाणी जिथं थांबलं तिथं तसं लिहिलंत. एवढा सरळपणा सरकारी कचेरीत, दवाखान्यात, बँकेत कुठंही भेटला तर माणूस निम्मा हलका होतो. ‘हे मी करतो, हे माझ्या हातात नाही, ते त्यांना विचारा’ एवढी तीन वाक्यं कुणी नीट बोललं, तर समोरच्याला पुढची वाट दिसते.

तो तक्ता आता सर्व्हर खोलीत रॅकच्या दाराला लावलाय. स्विच बदलला, फर्मवेअर चढवलं, की त्या ओळीचा शेवटचा रकाना पुसून पुन्हा तपासायचं, असा नेम ठरलाय. पलीकडच्या विद्यापीठातल्या मंडळींना त्याची प्रत पाठवली, तेव्हा त्यांनी आपल्या कॅम्पसच्या ओळी स्वतः भरून दिल्या. त्यांच्या वायफायवर ४६ ची खूण आवाजाऐवजी चित्राच्या रांगेत पडत होती. पहिले तीन बिट तेवढे उचलले की ४६ चा ५ होतो, आणि वायफायमध्ये ५ म्हणजे चित्र. आरएफसी ८३२५ प्रमाणे त्यांनी तो ६ वर, म्हणजे आवाजाच्या रांगेत, नेलाय.

एक विनंती आहे. तुमच्या अक्षरातल्या त्या तक्त्याचा कोरा नमुना, नाव-गाव काढून, आजूबाजूच्या महाविद्यालयांना द्यायचा आहे. तुमची हरकत नसेल तर तेवढं कळवा. पर्यायी मार्गाच्या ओळीसंबंधी त्या लाइनवाल्यांशी बोलणं सुरू केलंय. खुणा जशाच्या तशा पुढं न्यायला ते तयार झाले, तर ती ओळ तुमच्यासमोरच तपासून घ्यायची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक विभागातले सगळे