पोकरमधली रेज: 'मोठी करा' एवढे पुरत नाही

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतील पोकरच्या लेखात 'चांगले पत्ते आले की मोठी रेज करा', म्हणजे लावायची रक्कम वाढवा, असा सल्ला आहे. एक्क्यांवर पाचपट आणि साध्या पत्त्यांवर दुप्पट करणारा अर्ध्या तासात ओळखू येतो. रेज ठरवावी ती टेबलावरची जागा पाहून, पत्ते पाहून नव्हे.

आपल्या परभणी-हिंगोलीकडच्या तीन पत्तीत बूट सगळेच देतात. पोकरमध्ये दोघेच ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीची सक्तीची रक्कम, भरतात. समजा १ आणि २; २ भरणारा तो बिग ब्लाइंड. तुम्ही ४ केले, तर बिग ब्लाइंडला ७ च्या पॉटसाठी (मधे जमलेल्या रकमेसाठी) फक्त २ घालायचे. जिंकायची २२ टक्के संधी असली तरी त्याचे भागते, मग तो कसल्याही पत्त्यांवर येणारच. ६ केले तर ९ साठी ४, म्हणजे ३१ टक्के लागतात. लहान टेबलांवर लोक तरीही पत्ते टाकत नाहीत. म्हणून सुरुवात बिग ब्लाइंडच्या तिपटीने, आणि आधी कोणी नुसता कॉल करून (न वाढवता तेवढेच लावून) बसला असेल तर दर माणशी आणखी २. दोघे असतील तर १०.

डीलरच्या जागेवरून (त्याच्या पुढे फक्त ब्लाइंडवाले दोघेच उरतात) ब्लाइंडच उचलायचे असतील तर ५ बास. ६ लावले तर तीनपैकी दोनदा दोघांनीही पत्ते टाकायला हवेत. ५ ला आठपैकी पाचदा पुरते.

(२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचा ऑनलाइन खेळ बंद आहे, हा हिशेब फुकटच्या चिप्सचा.)

जवळ ४० च उरले असताना १० ची रेज करू नये. समोरच्याने सगळ्या चिप्स लावल्या की आपण घातलेला चौथा हिस्सा सोडवत नाही. तिथे ४ च ठीक.

एक वाचक, परभणी