उंदराच्या मेंदूतील वीज आणि गावातला कंपवात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उंदरांच्या मेंदूतील पेशींची वीज मोजण्यावर सरकारचा पैसा खर्च होतो आणि त्यातून कास्तकाराच्या पदरात काहीच पडत नाही, अशा आशयाचे पत्र आपल्या स्तंभात वाचले. पत्रलेखकाची तळमळ मला समजते, परंतु त्यांचा निष्कर्ष मुळीच मान्य नाही.

मेंदूत खोलवर, थॅलॅमस या संवेदनांच्या संदेशकेंद्राच्या खाली, सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा चेतापेशींचा लहानसा पुंजका असतो. उंदराच्या मेंदूत एका बाजूच्या पुंजक्यात अशा पेशी जेमतेम साडेतेरा हजार भरतात. या भागाची पातळ चकती ऑक्सिजनयुक्त क्षारद्रावणात जिवंत ठेवून, काचेच्या नळीचे अतिसूक्ष्म टोक एकाच पेशीच्या पटलाला, म्हणजे तिच्या बाह्य आवरणाला, चिकटवून त्या पेशीचे विभवांतर, म्हणजे आवरणाच्या आत-बाहेरच्या विजेच्या दाबातला फरक, मोजतात. हे तंत्र घडवणाऱ्या एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मला सर्वांत थक्क करते ते हे, की बाहेरून एकही संदेश आला नाही तरी ही पेशी थांबत नाही. सोडियमचा बारीक प्रवाह आत झिरपत राहतो, विभवांतर हळूहळू चढते, पेशी एक विद्युत्‌स्पंद सोडते, पोटॅशियम बाहेर पडल्याने विभवांतर पुन्हा उतरते, आणि हा फेरा सेकंदाला साधारण पाच ते पंधरा वेळा एका लयीत चालतो.

कंपवातात (पार्किन्सन आजारात) डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी मरतात. अशा पेशी मुद्दाम नष्ट केलेल्या उंदरांत नेमकी हीच लय बिघडते. स्पंद झुंडीने येऊ लागतात आणि अनेक पेशी एकाच वेळी उसळतात. कंपवाताच्या रुग्णांतही असाच बिघाड नोंदला गेला आहे. माकडांत हा पुंजका निकामी केल्यावर लक्षणे ओसरल्याचे १९९० मध्ये दिसले, आणि १९९३ मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्लच्या अलीम-लुई बेनाबिद यांच्या चमूने रुग्णाच्या मेंदूत याच जागी तार बसवून सेकंदाला शंभराहून अधिक सूक्ष्म विद्युत्‌झटके देण्याचा उपचार सुरू केला. तार योग्य जागी पोहोचली का, हे शस्त्रक्रियेत अनेकदा पेशींच्या स्पंदांवरूनच ओळखतात. प्राण्यांवरचे प्रयोग आणि माणसांवरचे उपचार असे एकमेकांच्या आधाराने पुढे गेले आहेत.

आमच्या गावातील एक वृद्ध कास्तकार ओट्यावर मांडीवर हात ठेवून बसले, की त्यांचा अंगठा आणि तर्जनी गोळी वळत असल्यासारखी हलत राहतात. बोंडातला कापूस वेचायला तोच हात पुढे गेला, की बराचसा स्थिरावतो. घरचे म्हणतात, ‘बुड्याचं वय झालं, हात त कापतेच.’ वास्तविक विश्रांतीत वाढणारा कंप हे कंपवाताचे ठळक लक्षण आहे आणि त्यावर लेवोडोपाच्या गोळ्या कित्येक दशकांपासून उपलब्ध आहेत. तारेची शस्त्रक्रिया मात्र लाखोंच्या खर्चाची, ती आमच्यापैकी बहुतेकांना झेपणारी नाही, आणि याची खंत पत्रलेखकाइतकीच मलाही आहे. पण म्हणून संशोधन थांबवावे, हे मला पटत नाही.

माझी मागणी एवढीच, की जिल्हा रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ महिन्यातून ठरलेल्या दिवशी यावेत, आशा सेविकांना या आजाराची लक्षणे शिकवावीत, आणि विश्रांतीतला कंप, मंदावलेली चाल, ताठरलेले अंग व बारीक होत जाणारे अक्षर यांची माहिती आपण जिल्हा पुरवणीत छापावी.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ