लाइनवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

कळवा, दिघा, ऐरोली, रबाळे आणि घणसोली या पट्ट्यात वीजतारांवर, रोहित्रांवर (ट्रान्सफॉर्मरवर) आणि भूमिगत केबलवर काम करणाऱ्या कामगारांच्या कुटुंबांसाठी आमची समिती निधी उभारत आहे. समितीत निवृत्त लाइनमन आणि उपकेंद्रांतील यंत्रचालक आहेत, कामगारांची प्रकरणे चालवणारे वकील आहेत, भाजलेल्या रुग्णांची शुश्रूषा केलेल्या परिचारिका आहेत आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे काही पदाधिकारीही आहेत. अपघातात दगावलेल्या किंवा हात-पाय गमावलेल्या कामगाराच्या घराला पहिले काही महिने आधार देणे आणि पुढचा अपघात टळावा म्हणून कंत्राटी कामगारांच्या हाती योग्य साधने पोहोचवणे, ही दोन कामे आम्ही अंगावर घेतली आहेत. त्यांसाठी पैसे लागणारच आहेत. मात्र काही गोष्टी पैशांनी होणाऱ्या नाहीत. त्यांसाठी आपला थोडा वेळ आणि आपल्या सोसायटीच्या मीटर रूमकडे एकदा नीट पाहण्याची तयारी हवी आहे.

पावसाळा तोंडावर आला की या पट्ट्यात काय होते, हे आपण सारे अनुभवतो. उपकेंद्रांपासून रोहित्रांपर्यंत वीज 22 केव्ही, म्हणजे 22,000 व्होल्ट, दाबाने येते आणि तेथून 433 व्होल्टवर उतरून आपल्या इमारतींत शिरते. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने उन्हाळाभर तारा ज्यांवर टेकतात त्या इन्सुलेटरवर (वीजरोधकांवर) क्षार आणि धूळ साचत राहते. पहिल्या सरींनी तो थर ओला झाला की त्यावरूनच विजेचा प्रवाह वाहू लागतो, ठिणग्या उडतात आणि फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी मुख्य वाहिनी, आपोआप बंद पडतो. त्यातच घोडबंदर रस्त्याला किंवा येऊरच्या पायथ्याला एखादी फांदी तारांवर कोसळते. लिफ्ट बंद पडते, टाकीत पाणी चढत नाही आणि फोन खणखणू लागतात. अशा वेळी भिजलेल्या शिडीवरून खांबावर चढणारा माणूस अनेकदा कंत्राटी असतो. त्याच्या अंगावर गणवेश असतो, पण नोकरीची शाश्वती नसते, आणि कामावर त्याचे काही बरेवाईट झाले तर त्याच्या घरच्यांनी कोणाच्या दारात जायचे, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नसते.

या कामाची शिस्त ठरलेली आहे. आधी उपकेंद्राकडून परमिट घ्यायचे. मग ज्या वाहिनीवर काम आहे तिचा एबी स्विच, म्हणजे खांबावरचा वाहिनी तोडणारा स्विच, उघडायचा, त्याला कुलूप घालायचे आणि ‘काम चालू आहे’ असा फलक लावायचा. टेस्टरने तारेत वीज नाही याची खात्री करायची. त्यानंतर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडायच्या आणि मगच हात घालायचा. यांतल्या शेवटच्या पायरीवर आम्ही इतका भर देतो, कारण बंद केलेली तार मेलेली असते असे गृहीत धरणे हेच या धंद्यातले सर्वांत मोठे संकट आहे. समांतर जाणाऱ्या चालू वाहिनीमुळे बंद तारेतही दाब निर्माण होतो. भूमिगत केबल पुरवठा तोडल्यावरही काही काळ विद्युतभार धरून ठेवते. आणि तिसरे कारण थेट आपल्या घरांतून निघते.

वीज गेली की दुकानात किंवा सोसायटीत जनरेटर सुरू होतो. मुख्य पुरवठा आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी दोहोंपैकी एकच जोडू देणारा स्विच, नसेल, किंवा कोणी घाईघाईत जनरेटरची वायर थेट बोर्डात खुपसली असेल, तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते आणि बंद म्हणून सोडून दिलेल्या तारेत शिरते. खांबावरच्या माणसाचा जीव घ्यायला घरातला 230 व्होल्टचा दाबच पुरेसा असतो. तीच वीज रोहित्रापर्यंत उलटी पोहोचली, तर रोहित्र जो दाब एरवी उतरवते तोच उलट्या दिशेने सुमारे 50 पट चढवू शकते. घरमालकाला याचा पत्ताही नसतो. त्याच्या घरात पंखा फिरत असतो, त्यामुळे सारे ठीक आहे असेच त्याला वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या समितीसमोर आलेले एक प्रकरण असेच होते. दिघ्याच्या चाळीत राहणारा, जव्हारकडून आलेला पंचविशीतला एक कंत्राटी कामगार झाड पडून तुटलेली लघुदाब (रोहित्रापासून इमारतींकडे जाणारी 433 व्होल्टची) तार जोडायला खांबावर चढला होता. पुरवठा बंद केलेला होता, परमिटही होते. गाडीत डिस्चार्ज रॉडचा एकच संच होता आणि तो त्या संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणच्या कामावर गेला होता. त्याच वेळी जवळच्या एका दुकानात जनरेटर सुरू झाला. खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्याने लाकडी काठीने त्याचा हात तारेपासून सोडवला, दोघांनी मिळून त्याला सेफ्टी बेल्टसह खाली उतरवले आणि छातीवर दाब देत रिक्षातून रुग्णालयात नेले. तेथे पोहोचला तेव्हा तो शुद्धीवर होता. डाव्या तळहातावर रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग आणि उजव्या टाचेवर तसाच दुसरा, एवढेच वरून दिसत होते. पाहणाऱ्यांना वाटले, थोडक्यात निभावले. विजेच्या भाजण्याचे स्वरूप मात्र आगीच्या भाजण्याहून वेगळे असते. विजेचा प्रवाह ज्या वाटेने शरीरातून जातो त्या वाटेवरचे स्नायू आतून करपतात, त्यांतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे बंद पाडू शकतात, आणि लघवीचा रंग गडद तपकिरी झाला की डॉक्टरांचे चेहरे बदलतात. त्याचा हात कोपरापासून काढावा लागला. दुसऱ्या आठवड्यात तो गेला. मागे पत्नी, बालवाडीत जाणारा मुलगा आणि आई अशी तिघे उरली.

त्यानंतरचे महिने आम्ही जवळून पाहिले आणि हे आवाहन त्यातूनच निघाले आहे. त्याच्या पत्नीकडे हजेरीपटाची प्रत मागण्यात आली. तो पट कंत्राटदाराकडे होता. पगाराचा पुरावा मागण्यात आला. पगाराचा काही भाग रोखीने मिळत असे. शवविच्छेदन अहवाल, पंचनामा, वारसाचे दाखले या प्रत्येक कागदासाठी वेगळ्या खिडकीवर वेगळा दिवस मोडत होता, आणि मोडलेल्या प्रत्येक दिवशी तिची घरकामाची मजुरी बुडत होती. घरमालक भला माणूस होता, तरी तिसऱ्या महिन्याला त्याने भाड्याची आठवण केलीच. त्याला दोष देऊन काही उपयोग नाही.

कायदा या कुटुंबाच्या बाजूने आहे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कामावर झालेल्या मृत्यूबद्दल भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे 1923 पासून आहे. कामगार कंत्राटदाराने नेमलेला असला तरी ज्याच्यासाठी काम चालले होते त्या मूळ मालकालाही जबाबदारी झटकता येत नाही, हे तत्त्वही त्याच कायद्यापासून चालत आले आहे. कामगाराचे कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल, तर अवलंबितांना त्याच्या सरासरी वेतनाच्या 90 टक्के दराने निवृत्तिवेतन मिळते आणि ते कुटुंबात ठरलेल्या हिश्श्यांनी वाटले जाते. विजेच्या प्राणघातक अपघाताची खबर 24 तासांच्या आत विद्युत निरीक्षकांकडे जाणे बंधनकारक आहे, आणि त्यांच्या चौकशीचा अहवाल हा पुढच्या दाव्याचा कणा असतो. अडचण आहे ती मधल्या काळाची. हक्क शाबीत होऊन पैसे हाती पडेपर्यंत मुलाची फी, भाडे, किराणा आणि सासूची औषधे थांबत नाहीत. आणि नेमक्या याच काळात, गरजेपोटी, मिळेल त्या रकमेवर तडजोडीच्या कागदावर अंगठा उमटवून घेतला जातो. तो अंगठा उमटू नये, यासाठी आम्हाला आपली मदत हवी आहे.

निधीतील मोठा वाटा म्हणूनच या मधल्या काळासाठी राखून ठेवला जाईल. प्रत्येक कुटुंबाला सहा महिने किराणा व भाडे, मुलांच्या शाळेचा खर्च, आणि रुग्ण उपचार घेत असेल तर सोबत थांबलेल्या नातेवाइकांच्या राहण्या-जेवणाची सोय, असे त्याचे स्वरूप असेल. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर असल्यामुळे गंभीर भाजलेले रुग्ण दूरदूरच्या गावांतून येथे आणले जातात. रुग्णाला खाट मिळते. बरोबर आलेले म्हातारे वडील रात्री कोठे टेकतात, याचा विचार सहसा कोणी करत नाही. ऐरोली किंवा रबाळे परिसरात ज्यांची एखादी खोली रिकामी असेल, त्यांनी ती काही आठवड्यांसाठी जरी दिली तरी ती आमच्या दृष्टीने मोठी देणगी ठरेल. कोणाला एक वेळचा डबा पोहोचवता येत असेल, तर त्यांनीही कळवावे.

उरलेल्या निधीतून डिस्चार्ज रॉडचे संच, टेस्टर, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि रबरी हातमोजे घेऊन ते कंत्राटी कामगारांच्या गटांना दिले जातील. ही साधने पुरवणे हे खरे तर काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि तसे लेखी पत्र आम्ही संबंधितांना प्रत्येक वेळी देतच राहणार आहोत. परंतु पत्राचे उत्तर येईपर्यंत माणसाला उघड्या हातांनी खांबावर चढू देणे आम्हाला पटत नाही. हातमोज्यांबाबत एक विनंती आहे. बाजारातले कोणतेही मोजे विकत घेऊन देणगी म्हणून आणू नयेत. मोजे कोणत्या दाबासाठी तपासलेले आहेत, हे त्यांवर छापलेले असावे लागते. लघुदाबाचा मोजा 22 केव्हीच्या कामाला घालणे म्हणजे खोट्या भरवशावर जीव टाकणे आहे. आमचे निवृत्त लाइनमन नव्या मुलांना पहिली गोष्ट हीच शिकवतात की, रोज सकाळी मोजा मनगटाकडून गुंडाळत आणून आत हवा कोंडायची, बोटे फुगली की तो गालाजवळ धरायचा आणि कोठून हवा सुटते का ते पाहायचे. टाचणीएवढे छिद्र असले तरी तो मोजा कापून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती तो चुकूनही लागत नाही.

सोसायट्यांच्या अध्यक्ष व सचिवांना आमची स्वतंत्र आणि कळकळीची विनंती आहे. आपल्या इमारतीतील जनरेटरला योग्य चेंजओव्हर स्विच आहे की नाही, हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे आणि त्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात करावी. इमारतीतील दुकानांनाही तशी लेखी सूचना द्यावी. छतावर सौर संच असेल, तर बाहेरचा पुरवठा गेल्यावर तो आपोआप वेगळा होतो का, याची चाचणी करून घ्यावी. आमचे निवृत्त सदस्य आपल्याकडे येऊन काय पाहायचे ते विनामूल्य समजावून सांगतील. खांबावर माणूस काम करत असताना ‘लाइट कधी येणार’ म्हणून खाली जमून घाई करू नये, हेही सर्व रहिवाशांना सांगावे. त्या घाईत वगळली जाते ती तारा जमिनीशी जोडण्याची, म्हणजे अर्थिंगची, पायरीच.

भाजलेल्या रुग्णांसाठी आणखी एक दान आहे, ज्याविषयी आपल्याकडे अजून फार कमी बोलले जाते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते. दाता 18 वर्षांहून मोठा असावा लागतो. रक्तगट जुळण्याची गरज नसते. मांड्या, पाय आणि पाठ यांवरील त्वचेचा केवळ वरचा पातळ थर घेतला जातो, रक्तस्राव होत नाही, देह विद्रूप होत नाही आणि अंत्यसंस्कारांना फारसा उशीरही होत नाही. ही त्वचा पाच वर्षांपर्यंत जतन करता येते, आणि रुग्णाची स्वतःची त्वचा लावता येईपर्यंत उघड्या जखमांवर तिचे आवरण घालून जंतुसंसर्ग रोखता येतो. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये तसेच मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी आहे. घरात याविषयी आधीच बोलून ठेवावे, कारण दुःखाच्या त्या सहा तासांत नव्याने निर्णय घेणे फार कठीण जाते.

वेळ देऊ शकणाऱ्यांसाठीही काम आहे. सरकारी कार्यालयांतून निवृत्त झालेल्यांनी एखाद्या कुटुंबाबरोबर कामगार आयुक्तालयात, तहसील कार्यालयात किंवा विमा योजनेच्या शाखेत जाऊन अर्ज भरून द्यावेत. डॉक्टर व परिचारिकांनी कामगारांच्या गटांना हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण द्यावे. मिनिटाला 100 ते 120 दाब, छाती किमान पाच सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने, आणि वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंत न थांबता. खांबावरून सहकाऱ्याला सुखरूप उतरवण्याचा सराव आमचे जुने लाइनमन घेतील.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना 4 मार्च 1966 रोजी झाली. तिचे मुख्यालय आपल्याच नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला आहे. तिच्या स्थापनेचा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो आणि अलीकडे त्याच तारखेला लाइनमन दिवसही साजरा होऊ लागला आहे. साधनांचे पहिले वाटप येत्या 4 मार्चला करण्याचे समितीने ठरवले आहे, म्हणून त्यासाठीच्या देणग्या फेब्रुवारीअखेरपर्यंत मिळाव्यात. कुटुंबांच्या साहाय्यनिधीला मात्र मुदत नाही.

रक्कम कितीही लहान असली तरी ती स्वीकारली जाईल आणि प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल. शक्यतो धनादेशाने किंवा समितीच्या खात्यात थेट रक्कम जमा करावी. रोख रक्कम केवळ समितीच्या कार्यालयातच, पावती घेऊन द्यावी, घरोघरी फिरणाऱ्या कोणाच्याही हाती देऊ नये. देणगी साधनांसाठी आहे की कुटुंबांसाठी, हे पावतीवर लिहून घ्यावे, म्हणजे ती त्याच कामी खर्च होईल. मदत घेणाऱ्या कुटुंबांची नावे किंवा छायाचित्रे कोठेही प्रसिद्ध केली जाणार नाहीत. जमाखर्चाचा तपशील दर तीन महिन्यांनी समितीच्या फलकावर लावला जाईल आणि कोणाही देणगीदाराला हिशेबाची वही पाहता येईल.

आपले नम्र,
समितीचे सर्व सदस्य