बारावी फेरी तुला दिली

कोल्हापूर, रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू मोठ्यांदा हसली असतीस आणि लगेच "आईला द्या फोन" म्हणाली असतीस, म्हणून लिहून पाठवतोय. दिवाळीत आपण हॅगलर-लिओनार्ड ही जुनी बॉक्सिंगची लढत बघितली आणि फेरीगणिक आपापल्या कार्डावर गुण दिले. माझ्या कार्डावर हॅगलर ११५-११३, तुझ्या कार्डावर लिओनार्ड ११५-११३. परत जाताना गाडी सुटायच्या वेळी तू खिडकीतून ओरडलीस, "बाबा, बारावी फेरी तुम्ही ढापलीत!" स्टँडवरची दोन माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. तर परवा मी ती लढत परत लावली. बारावी फेरी लिओनार्डची आहे. तुला दिली.

म्हणजे माझं कार्ड आता ११४-११४. आपल्या गावच्या भाषेत, कुस्ती बरोबरीत सोडवली. हे कबूल करायला मला चार दिवस लागले, त्यातला एक दिवस तर मी वही उघडलीच नाही.

लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये ६ एप्रिल १९८७ ला लिओनार्डच्या बाजूने निकाल लागून गेला, हॅगलर २०२१ मध्ये वारलासुद्धा, मग तुम्ही अजून वही काढून काय ठरवता, असं तू विचारतेस. याचं नीट उत्तर मला देता येत नाही. कसं बसतो ते सांगतो.

शाळेतून निवृत्त होताना उरलेली हजेरीची एक लांबडी वही आणली होती, ती यासाठीच वापरतो. एका फेरीला एक ओळ, दोन आकडे, आणि पुढे कारणाचे दोन-तीन शब्द. फेरी तीन मिनिटांची, मग एक मिनिट विश्रांती. त्या मिनिटात आकडा लिहायचा, पेनने. मागे नेऊन बघायचं नाही, कारण रिंगशेजारी बसलेल्या तिघा पंचांना तशी सोय नसते. मागच्या फेरीत कोण पुढे होता ते डोक्यातून काढून टाकायचं. हे शेवटचं मला अजून जमत नाही. (आपल्याकडे ठोसा मारणाराही पंच मारतो आणि तो मोजणाराही पंच. म्हणून वहीत मी ठोसाच लिहितो, नाहीतर पंचाने पंच बघितला नाही असली वाक्यं होतात.)

गुण देण्याची पद्धत तुला माहीत आहे, पण ती मला आजही गमतीची वाटते. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा खाली पडला तर सहसा ८. बारा फेऱ्यांत १२० पैकी ११३ मिळवून माणूस जगज्जेतेपद घालवतो. आमच्या मुलांना एवढे मिळाले असते तर घरी पेढे वाटले असते. खरी गोम पुढे आहे. एखादी फेरी केसभराने जिंकली काय आणि समोरच्याला तीन मिनिटं बुकलून काढलं काय, तो पडला नाही तर दोन्हीकडे बहुतेक वेळा १०-९ च. म्हणून संपूर्ण लढत बघून "हाच जिंकला" असं मनात येतं आणि बेरीज केली की दुसराच निघतो. पूर्वी न्यूयॉर्कमध्ये तर नुसत्या फेऱ्याच मोजायचे. १९७१ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझियरने पंधराव्या फेरीत डाव्या हुकने अलीला पाडलं, तरी कागदावर ती एकच फेरी. निकाल फ्रेझियरचाच लागला, पण तीन कार्डं बघ: ८-६ आणि एक बरोबरीची, ९-६, आणि ११-४. लढत एकच.

तुझे आजोबा मला खासबागेत न्यायचे तेव्हा असला प्रश्नच नव्हता. निकाली कुस्ती. पाठ मातीला लागली की मैदान उठून उभं राहायचं, कागद कुणी मागत नसे. हॅगलरची हर्न्सबरोबरची १९८५ ची लढत तशी होती, तिसऱ्या फेरीत संपली. ती मी दहा वेळा बघितली असेन आणि वहीत तिची एकही ओळ नाही. गुण द्यायला लागतात ते निकाली होत नाही तिथे, आणि मला ओढ त्याचीच. तीस वर्षं दहावीच्या इतिहासाचे पेपर तपासल्यावर दुसरं काय होणार?

त्या पेपरांवरून एक सांगतो. गठ्ठ्यात एखादी उत्तरपत्रिका अशी यायची की अक्षर मोत्यासारखं, मुद्दे अधोरेखित, शेवटच्या पानावर समारोप ऐटीत. हात आपोआप सात-आठकडे जायचा. आणि तिच्याखालीच एखाद्या पोराची गिचमिड असायची. सगळे मुद्दे आत, पण शोधून काढायला लागायचे. आमचे नियामक म्हणायचे, शेवटचं पान झाकून तपासा. मी झाकायचो. सगळे गठ्ठे झाकून तपासले असं मात्र म्हणणार नाही.

लिओनार्डला शेवटच्या पानाचं मर्म कळलं होतं. फेरीची शेवटची ३० सेकंदं राहिली की त्याच्या कोपऱ्यातून ओरडून सांगायचे, आणि तो ठोशांची सर सोडायचा. दोन्ही हात, भराभर, अर्धे हातांवर, अर्धे ग्लोव्हजवर, पण प्रेक्षक उठून उभे. तेवढ्यात घंटा. पंचाच्या डोळ्यांसमोर शेवटचं चित्र तेच. त्याआधीची अडीच मिनिटं हॅगलर त्याला दोरांकडे रेटत असायचा, बरगड्यांवर एक, खांद्याआडून एक, आवाज न करणारे. ती गिचमिड.

पण हॅगलरनेही पहिलं पान कोरं सोडलं, हे मी इतकी वर्षं तुझ्यापुढे बोललो नाही. जो माणूस डावखुऱ्या पवित्र्यात सगळ्या जगाला भारी पडला, तो पहिल्या दोन फेऱ्या उजव्या पवित्र्यात लढला. का, ते त्यालाच ठाऊक. १९७६ नंतर तो एकदाही हरला नव्हता. समोरच्याची त्याआधीच्या पाच वर्षांत एकच लढत झालेली, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं. असल्या माणसाला दोन फेऱ्या फुकट! त्यात लिओनार्डच्या लोकांनी आधीच बारा फेऱ्या आणि मोठं रिंग मागून घेतलं होतं. हॅगलरने त्या बदल्यात पैसे जास्त घेतले. पंधरा फेऱ्या असत्या तर... हे वाक्य मी दिवाळीतही पुरं केलं नव्हतं, आताही करत नाही.

आता कबुली. ही लढत मी पहिल्यांदा मोजली तेव्हा तू बारावीला होतीस. त्या कार्डावर हॅगलर ११६-११२ आहे. त्याच वर्षी आमच्या शाळेत पर्यवेक्षकाची जागा निघाली होती आणि ती यादीत माझ्या खाली असलेल्याला गेली. हॅगलरचंही तसंच. १९७९ मध्ये अँतुओफेर्मोशी तो पंधरा फेऱ्या लढला, एका पंचाने त्याला दिली, दुसऱ्याने समोरच्याला, तिसऱ्याने बरोबरी धरली, आणि जगज्जेतेपदाचा पट्टा जुन्या विजेत्याकडेच राहिला. तेही लास वेगासच. तेव्हापासून त्याच्या मनात बसलं की इथे आपल्याला गुणांवर न्याय मिळत नाही. मी त्याचा पेपर तपासत नव्हतो मनू, माझाच तपासत होतो. वहीत चौथ्या फेरीपुढे "हॅ. जास्त कष्ट" असं लिहिलंय. कष्टाला गुण कुठे असतात? परवा तो शब्द वाचला आणि माझं मलाच हसू आलं.

म्हणून यावेळी टीव्हीचा आवाज बंद केला. बोलणारी माणसं आपल्या डोळ्यांआधी ठरवून टाकतात, आणि प्रेक्षक तर ठोसा लागला की नाही हे बघायच्या आत ओरडतात. बाराव्या फेरीत मी आधी काय बघितलं होतं? हॅगलर पुढे, लिओनार्ड मागे. तेवढंच. आवाज बंद केल्यावर दिसलं की पुढे येणारा प्रत्येक वेळी पाव सेकंद उशिरा पोचतोय. तो पाय टाकतो, जागा रिकामी. मग लिओनार्डचे दोन-तीन, आणि पुन्हा जागा रिकामी. पुढे जाणं म्हणजे गुण नाहीत, पुढे जाऊन लागलं तर गुण. हे मीच तुला शिकवलं होतं आणि तू मलाच सांगत होतीस. मोजदाद करणाऱ्यांचे आकडे मी मुद्दाम नंतर बघितले: लिओनार्डचे ६२९ पैकी ३०६ लागले, हॅगलरचे ७९२ पैकी २९१.

आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिला विचारलं, कोण जिंकलं? म्हणाली, "टकला. दुसरा नुसता नाचला." टकला म्हणजे हॅगलर. तिचं कार्ड सगळ्यांत स्वच्छ.

त्या रात्रीच्या तीन खऱ्या पंचांपैकी लू फिलिपोने हॅगलरला ११५-११३ दिले, डेव्ह मोरेटीने लिओनार्डला ११५-११३, आणि जोजो ग्वेराने लिओनार्डला ११८-११०. शेवटचा आकडा म्हणजे हॅगलरला बारापैकी दोनच फेऱ्या. मी कितीही नमलो तरी तिथपर्यंत जाणार नाही. पाचव्या फेरीतल्या त्या अपरकटनंतर (खालून वर हनुवटीकडे येणारा ठोसा) लिओनार्डचे पाय बघ आणि नवव्या फेरीत कोपऱ्यात सापडलेला लिओनार्ड बघ, मग सांग. आणि गंमत म्हणजे २०१७ ला त्याच लास वेगासमध्ये अल्वारेझ-गोलोव्हकिन झाली तेव्हा ॲडलेड बर्ड या पंचांनी अल्वारेझला पुन्हा ११८-११० च दिले. शेजारी तोच डेव्ह मोरेटी, तीस वर्षांनी, आणि त्याचा आकडा पुन्हा ११५-११३, गोलोव्हकिनला. तिसऱ्या पंचाने ११४-११४ धरून बरोबरी केली. ती लढत मी अजून मोजलेली नाही. तू निकाल माहीत नसल्यासारखी बघू शकलीस तर मोजू.

असल्या आकड्यांवर पूर्वी मी चिडायचो. मग १९९९ ची लुईस-होलीफिल्डची पहिली लढत मोजली. माझ्याकडे लुईस ११७-१११, काही शंकाच नाही. पाचव्या फेरीत तर तो होलीफिल्डला दोरांवर कोंडून ठोकत होता. यूजीनिया विल्यम्स या पंचांनी ती फेरी होलीफिल्डला दिली, आणि लढतही ११५-११३ अशी त्यालाच. शेवटी लढत बरोबरीत सुटली आणि केवढा गदारोळ झाला. नंतर त्यांनी सांगितलं की फोटोग्राफर मध्ये येत होते, आणि टेप बघितल्यावर ती फेरी लुईसची वाटते. लोक हसले. मला हसू आलं नाही. पंच तीन बाजूंना बसतात ते यासाठीच की एकाच्या समोर पाठ असली तरी दुसऱ्याला तोंड दिसावं. आपल्याला मात्र कॅमेरा नेहमी बरी बाजू दाखवतो, आणि आपण ती बाजू म्हणजे लढत समजतो.

व्हिटेकर-चावेझबद्दल मात्र मी कुणाला सूट देत नाही. १९९३, सॅन अँटोनियो, चावेझ ८७ लढती न हरता आलेला, स्टेडियम त्याच्या बाजूचं. व्हिटेकर समोर असून हाताला लागत नव्हता. कमरेतून वाकायचा, ठोसा डोक्यावरून जायचा, आणि वर येताना जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा. दोन पंचांनी ११५-११५ धरले आणि एकाने व्हिटेकरला ११५-११३. माझ्याकडे व्हिटेकर ११६-११२, आणि ते मी आवाज बंद करायच्या आधीचं आहे. न लागलेला ठोसा कागदावर कुठे लिहायचा, हे त्या दोघांना सुचलं नाही, एवढंच म्हणतो.

आता सहावी फेरी. दिवाळीला आपले दोनच फेऱ्यांवर मतभेद होते, सहावी आणि बारावी. बारावी दिली. सहावी देणार नाही. दोनदा आवाज बंद करून बघितली, दोन्ही वेळा हॅगलर. दिसायला ती लिओनार्डची आहे हे मान्य, पण मोजायला बसलं की त्याचे निम्मे ठोसे ग्लोव्हजवर गेलेले आहेत. तू आवाज बंद कर, एकटी बैस, घंटा झाली की लगेच लिही आणि मग कारण लिही. फोन करू नकोस, फोनवर तू माझ्यापेक्षा भराभर बोलतेस. कागदाचा फोटो पाठव.

आणि शेंगा भाजून डब्यात भरून ठेवल्यात, पुढच्या खेपेला घेऊन जा. मागच्या वेळी तू त्या विसरलीस, भांडणाच्या नादात.

तुझा,
बाबा